सोडवणदार

बुधवार, गाडीत

आईने फेब्रुवारीतच सांगून टाकलं होतं, "यंदा उत्तम शुक्रवारी मला नगरात ठेवू नकोस. कुठंही ने." उत्तम शुक्रवार म्हणजे गुड फ्रायडे, येशूच्या मरणाचा दिवस. मी फोंड्याच्या मैत्रिणीला फोन केला. डी.एड.ला आम्ही एका खोलीत राहायचो, आणि तेव्हापासून ती मला गोव्याला बोलावते आहे. आज दुपारी नगरला गोवा एक्स्प्रेसमध्ये बसलो. आई ७४ वर्षांची, तिला खालचा बर्थ मिळाला. उशाला तिची पिशवी, पिशवीत बायबल आणि बायबलात ते कात्रण.

कात्रणाबद्दल आधी सांगायला हवं. माझा धाकटा भाऊ पुणे रस्त्यावर गेला त्याला ९ वर्षं झाली. दुसऱ्या दिवशी पेपरात ओळ होती, 'अपघातात तिघांचा बळी'. आईने ती कापून ठेवली, आणि त्या दिवसापासून 'बळी' हा शब्द तिला सहन होत नाही. आमच्या मंडळीत उत्तम शुक्रवारी बारा ते तीन उपासना असते. वधस्तंभावरचे सात उद्गार एकेक करून घेतात, प्रत्येकावर वेगळा संदेश. आई दुसऱ्या उद्गारापर्यंत बसते. तिसऱ्याआधी उठते आणि बाहेर चिंचेखाली जाऊन थांबते. तिसरा उद्गार आईला उद्देशून आहे: बाई, पाहा, हा तुझा मुलगा.

मराठीत बळी हा शब्द फार पसरलेला आहे. इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो म्हणताना तो राजा असतो. जत्रेत तो बोकड असतो. पेपरात तो मेलेल्यांचा आकडा असतो. आणि आमच्या उपासनेत तो प्रभू येशू असतो. एका शब्दाने एवढं ओझं कसं उचलावं? बोकड बळी जातो तेव्हा त्याला कोणी विचारत नाही. माझ्या भावालाही कोणी विचारलं नव्हतं. चर्चमध्ये आम्ही तोच शब्द घेतो आणि म्हणतो, ह्याला विचारलं होतं आणि हा 'हो' म्हणाला होता. शब्द तोच राहतो, अर्थ मुळापासून उलटतो, आणि ते उलटणं ऐकणाऱ्यापर्यंत पोचतंच असं नाही. आईपर्यंत ते कधी पोचलं नाही. मी संडे स्कूलची शिक्षिका, आणि तिला ते सांगायची माझी कधी छाती झाली नाही.

मिरजेनंतर ती झोपली. मी मार्काच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय उघडून बसले होते. येशू सांगतो की आपण सेवा करून घ्यायला नाही तर करायला आलो, आणि पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी म्हणून द्यायला आलो. मागच्या महिन्यात वर्गातल्या एका मुलाने विचारलं होतं, "टीचर, खंडणी तर गुंड मागतात. येशूकडे कोणी मागितली?" प्रश्न चांगला होता. माझं उत्तर तेवढं चांगलं नव्हतं.

गुरुवार, राशोल आणि फोंडा

पहाटे कुळेंला जाग आली. डब्यात दमट, गार वारा, बाहेर काळोखात झाडंच झाडं. मडगावला मैत्रीण आणि तिचे वडील, अण्णा, गाडी घेऊन उभे होते. अण्णा मराठीचे निवृत्त शिक्षक. आईच्या हातातली पिशवी घेत म्हणाले, "घरी जायच्या वाटेवर तुम्हांला एक जागा दाखवतो. तुमच्या कामाची आहे आणि माझ्याही."

ती जागा म्हणजे राशोल, जुनं रायतूर. जुवारीकाठच्या टेकडीवर पांढरीशुभ्र प्रचंड इमारत. १६०६ साली पायाभरणी झालेलं हे जेझुइट ह्या कॅथलिक धर्मसंघाचं विद्यालय, आज इथं पाद्री घडवतात. पुण्यगुरुवारची गडबड चालली होती, त्यामुळे आत हिंडता आलं नाही. अण्णांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांना सांगायचं होतं ते इमारतीपलीकडचं होतं.

"१६१६ साली इथं एक पोथी छापली," ते म्हणाले, "मराठी ओव्यांची. जवळजवळ ११ हजार ओव्या. लिहिणारा इंग्रज."

फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरले आणि १६१९ साली इथंच वारले. चाळीस वर्षांतला बहुतेक काळ त्यांनी गोव्यातल्या ह्या साष्टी भागात काढला. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची पुराणं सुटली होती, आणि त्या जागी ऐकायला काही नव्हतं. म्हणून त्यांनी 'क्रिस्तपुराण' रचलं. पहिल्या भागात जुना करार, दुसऱ्यात येशूचं जीवन, मरण आणि उठणं. देवनागरीचे खिळे नव्हते, म्हणून रोमन लिपीत छापलं. पुढे १६४९ आणि १६५४ साली पुन्हा छापलं. त्या तिन्ही छपायांची एकही प्रत आज उरल्याचं माहीत नाही. हातांनी उतरवून घेतलेल्या पोथ्यांमधून ते टिकलं. स्वर्गाला त्यांनी वैकुंठ म्हटलं आहे.

आई गाडीतून उतरून चर्चच्या पायऱ्यांपाशी उभी होती. "म्हणजे चारशे वर्षांपूर्वी इथं येशूची पोथी लावायचे?"

"दुपारी देवळात लोक जमायचे आणि वाचायचे," अण्णा म्हणाले. त्यांनी 'देवळात' म्हटलं, चर्च नाही म्हटलं. मला ते आवडलं.

बोरीच्या पुलावरून जुवारी ओलांडून फोंड्याला आलो. ह्याच नदीवरून सोळाव्या शतकात माणसांनी रात्री आपले देव होड्यांत घालून अलीकडे आणले. कुशस्थळीचा मंगेश १५६० साली प्रियोळला आला. अण्णांची कुलदेवता शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला आली. फोंडा तेव्हा पोर्तुगीज अमलाबाहेर होता. अण्णांनी हे सगळं पुलाचा इतिहास सांगावा तितक्या शांतपणे सांगितलं, पण मला खिडकीबाहेर बघवेना. ज्यांच्या पूर्वजांनी माझ्या प्रभूच्या नावाला भिऊन घरं सोडली त्यांच्या घरी मी त्याच्या मरणाचा आठवडा पाळायला आले होते. त्यांनी आम्हांला पहिल्या वाफेचा भात वाढला, सोलकढी दिली, आणि आईसाठी खोलीत पंख्याखालची खाट.

संध्याकाळी साष्टीतल्या एका गावी गेलो. मैत्रिणीच्या शाळेतल्या एक कॅथलिक बाई तिथल्या. चर्चमध्ये पाय धुण्याचा विधी होता. बारा जण ओळीने बसले होते: माडाची सूर काढणारे एक रेंदेर, एक रिक्षावाले, दोन शाळकरी मुली, एक खूप म्हातारे आजोबा. पाद्रींनी वरचं वस्त्र काढलं, कमरेला पंचा गुंडाळला आणि गुडघ्यावर आले. त्या आजोबांना मोजा काढता येईना. पाद्रींनी तो काढला, घडी केली आणि बाजूला ठेवला.

आमच्या पाळकांनी एकदा बायबल अभ्यासात दाखवलेली गोष्ट मला इथं आठवली. योहानाच्या तेराव्या अध्यायात येशू जेवणावरून उठून आपली वस्त्रं काढून ठेवतो आणि पाय धुऊन झाल्यावर ती परत घेतो. मूळ ग्रीकमध्ये 'ठेवणं' आणि 'घेणं' ही जी क्रियापदं तिथं आहेत, तीच दहाव्या अध्यायातही आहेत. तिथं मेंढपाळ म्हणून बोलताना येशू सांगतो की माझा जीव माझ्यापासून कोणी काढून घेत नाही, मी आपण होऊन तो ठेवतो, आणि परत घेण्याचाही मला अधिकार आहे. ज्या सहजतेने माणूस अंगरखा काढून खुंटीला लावतो, त्या सहजतेचं हे बोलणं. अंगरखा ओरबाडला जाणं वेगळं आणि काढून ठेवणं वेगळं. दुसऱ्या दिवशी सैनिकांनी त्याची वस्त्रं खरंच काढून घेतली आणि त्यांवर चिठ्ठ्या टाकल्या. पण आदल्या रात्री त्याने ती स्वतः उतरवली होती, शिष्यांच्या पायांशी.

विधीआधीच, ग्लोरिया ह्या देवाच्या गौरवगीतानंतर, घंटा थांबल्या होत्या. शनिवारच्या रात्रीपर्यंत आता त्या वाजणार नव्हत्या.

रात्री ओसरीवर अण्णांनी मला विचारलं, "बाय, राग मानणार नसशील तर एक विचारू? जीव दिला म्हणजे आमच्याकडे विहिरीत उडी. तुमचे लोक अभिमानाने सांगतात, त्याने जीव दिला. ते मला कधी समजलं नाही. आणि दुसरं, कर्म ज्याचं त्याने फेडावं. माझं ऋण परक्याने फेडलं तर मी सुधारावं कसा?"

पहिल्याचं उत्तर मला देता आलं. जीव द्यायला निघालेल्या माणसाला जगणं नकोसं झालेलं असतं. येशूला ते हवं होतं. आजच्याच रात्री गेथशेमाने बागेत त्याने पित्याला विनवलं, हा प्याला माझ्यापासून टळो. घाम रक्ताच्या थेंबांसारखा गळत होता असं लूक लिहितो. त्याला मरायचं नव्हतं, पण मागेही फिरायचं नव्हतं, आणि त्या दोहोंमधून वाट काढत तो तीनदा त्याच प्रार्थनेकडे गेला. स्वेच्छेने मरणं म्हणजे न घाबरता मरणं, असं शुभवर्तमानात कुठंही नाही.

"दधीचीनेही अस्थी दिल्या," अण्णा म्हणाले, "त्याला देवांनी विनंती केली. शिबीने कबुतरासाठी मांडी कापली. हे मी समजू शकतो."

"मीही लहानपणापासून त्यांना मानते," मी म्हटलं. "पण शिबीने शरण आलेल्यासाठी दिलं. पौल रोमकरांना लिहितो की आम्ही वैरी होतो तेव्हा ख्रिस्त आमच्यासाठी मेला. कोणी शरणही आलं नव्हतं."

कर्माच्या प्रश्नाला मी उत्तर दिलं नाही. माझ्याकडे पुस्तकी उत्तर होतं. अकराव्या शतकाच्या शेवटी अँसेल्म ह्या धर्मपंडिताने त्यावर अख्खा ग्रंथ लिहिला आहे, की फेडायचं माणसाने पण फेडू शकतो फक्त देव, म्हणून देव माणूस झाला. पण ज्या घराने देव होडीत घालून आणले तिथं मला पंडिताचं नाव पुढं करावंसं वाटेना. आई आत खाटेवर जागी होती. तिने सगळं ऐकलं असणार.

शुक्रवार

आज फक्त पेज आणि कैरीचं लोणचं. अण्णांच्या घरीही सगळ्यांनी तेच खाल्लं, आम्ही काही न सांगता.

दोन वाजता त्याच गावी पोचलो. ऊन असं की चर्चसमोरची लाल माती डोळ्यांत जात होती. बायका काळ्या कपड्यांत. आज मिसा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, नसते. उद्या रात्रीच्या जागरणापर्यंत नसते. वेदी उघडी, कापड नाही, मेणबत्ती नाही. घंटेच्या जागी एक मुलगा लाकडी मात्राक फिरवत होता, आणि तो कोरडा खटखटाट छातीत जाऊन बसत होता.

आमच्या नगरच्या चर्चमध्ये मूर्ती नाहीत. १८३१ साली अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं, तेव्हापासून आमची भिंत पांढरी आणि वधस्तंभ रिकामा, कारण प्रभू उठला आहे. इथं क्रूसावर देह होता. हातांतून, गुडघ्यांतून रंगवलेलं रक्त. मी लहानपणापासून हे चूक मानत आले. आज तसं वाटलं नाही. रिकाम्या वधस्तंभाकडे बघून मी फार लवकर रविवारी पोचते, हे मला तिथं कळलं.

तीन वाजता योहानाने लिहिलेलं दुःखसहन कोकणीतून वाचलं गेलं, तीन आवाजांत. निम्मं समजत होतं, उरलेलं पाठ होतं. बागेत सैनिक येतात, मशाली घेऊन. येशू पुढे होऊन विचारतो, कोणाला शोधता? ते नाव सांगतात. तो म्हणतो, मी तो आहे, आणि ते मागे सरून जमिनीवर पडतात. किती वेळा वाचलं असेल हे. तो पुन्हा विचारतो, कोणाला शोधता? पळायचं असतं तर ह्या दोन प्रश्नांच्या मधे पळाला असता. मत्तयात तो तलवार काढलेल्या सोबत्याला सांगतो की मी मागितलं तर पिता देवदूतांच्या बारा सैन्यांहून अधिक पाठवील. मागितलं नाही. मार्क सांगतो की खिळण्याआधी त्याला बोळ मिसळलेला द्राक्षारस देऊ केला, वेदना बधिर करणारा. तोही त्याने घेतला नाही. त्याला शुद्धीत राहायचं होतं.

ह्या कथेत 'स्वाधीन करणं' किती जणांच्या वाट्याला आलं आहे बघा. यहूदा त्याला याजकांच्या स्वाधीन करतो. याजक पिलाताच्या. पिलात सैनिकांच्या. प्रत्येक जण त्याला पुढे ढकलतो आणि आपले हात मोकळे करून घेतो. आणि शेवटी, पूर्ण झालं आहे असं म्हटल्यावर, येशू मस्तक लववून आपला आत्मा स्वाधीन करतो. ग्रीकमध्ये क्रियापद पुन्हा तेच. दिवसभर दुसरे त्याला देत होते. शेवटचं देणं त्याचं स्वतःचं. क्रूसावर माणूस दिवसेंदिवस झुंजत मरे, म्हणून येशू इतक्यात मेला हे ऐकून पिलाताला आश्चर्य वाटलं, असं मार्क लिहितो. संत ऑगस्टीनने त्यातूनच म्हटलं की तो त्याला हवं तेव्हा गेला.

वाचन क्रूसाजवळच्या बायकांपाशी आलं तेव्हा माझं लक्ष आईकडे होतं. तिला कोकणी कळत नाही, जागा कळणार नाही, असं मी धरून चालले होते. मग 'पूत' हा शब्द आला. तो मराठीतही तोच. आईचा हात बाकाच्या कडेवर घट्ट झाला. मी उठायच्या तयारीत होते. ती उठली नाही.

त्यानंतर जे झालं ते मी ह्यापूर्वी कधी पाहिलेलं नव्हतं. दोघे पुरुष शिड्या लावून क्रूसावर चढले. प्रवचन चालू असताना एक खिळा काढला, मग दुसरा. त्या मूर्तीचे हात खांद्यांशी वाकणारे असतात. हात सुटून खाली आला, तसा चर्चभर श्वास ओढल्याचा आवाज झाला. देह पांढऱ्या कापडात घेतला, आडव्या पालखीत ठेवला, आणि पुरुषांनी खांदा दिला. पुढे मात्राक. चौकात थांबून एका मुलीने, क्रूस वाहणाऱ्या येशूला कापड देणारी वेरोनिका म्हणून, येशूचा चेहरा उमटलेलं कापड हळूहळू उलगडलं आणि लॅटिनमध्ये गायली. विलापगीतातली ओळ आहे ती: रस्त्याने जाणाऱ्यांनो, बघा, माझ्या दुःखासारखं दुःख कुठं आहे का. मग व्हायोलिनवर मोतेत सुरू झालं. गोव्याच्याच संगीतकारांनी रचलेली ही उपवासकाळाची गाणी, फक्त ह्या दिवसांत म्हणायची.

पालखीमागे दुःखी सायबिणीची, म्हणजे येशूच्या आईची, मरीयेची मूर्ती होती. काळा झगा, छातीत तलवार. बाळ येशूला मंदिरात आणलं तेव्हा म्हाताऱ्या शिमोनाने मरीयेला सांगितलं होतं की तुझ्याही जिवातून तलवार जाईल. आई माझ्या शेजारून निघाली आणि त्या मूर्तीमागच्या बायकांमध्ये जाऊन चालू लागली. आयुष्यात कधी मूर्तीसमोर हात न जोडलेली माझी आई. तिने आजही जोडले नाहीत. पदर डोक्यावर घेऊन ती फक्त चालत राहिली, नगरच्या दफनभूमीपर्यंत चालली होती तशी. मी मागे राहिले. तिथं माझी गरज नव्हती.

परतताना गाडीत तिने त्या बाईंना विचारलं, "प्रार्थनेत सारखं सोडवणदार, सोडवणदार येत होतं. ते काय?"

"रेदेंतोर," त्या म्हणाल्या. "तुम्ही तारणारा म्हणता ना, तो."

"तारणारा नाही," आई म्हणाली. "सोडवणारा." आणि मग फोंडा येईपर्यंत काही बोलली नाही.

रात्री ओसरीवर तिने स्वतःच अण्णांना हाक मारली. "भाऊ, काल तुम्ही माझ्या मुलीला विचारलंत, दुसऱ्याने ऋण फेडलं तर माणूस सुधारेल कसा. हिच्या डी.एड.च्या वेळी माझ्या पाटल्या सावकाराकडे गेल्या. हे साखर कारखान्यात. तीन हंगाम डबल पाळी केली ह्यांनी, आणि पाटल्या सोडवून आणल्या. हातांची सालटं निघाली होती. मी नको म्हणत होते, राहू देत म्हणत होते. कोणी जबरदस्ती केली नव्हती ह्यांच्यावर. पाटल्यांनी काय केलं होतं सोडवण्यासारखं? गहाण पडलेली वस्तू स्वतःला सोडवू शकते का? पण त्या परत आल्यावर मी पुन्हा कधी गहाण ठेवल्या नाहीत. उपाशी राहिले पण ठेवल्या नाहीत. ह्यांची सालटं दिसायची मला."

अण्णा बराच वेळ गप्प होते. "खंडणी शब्द चुकीचा वापरतात तर तुमचे लोक," ते म्हणाले.

"चुकीचा नाही, जुना आहे," मी म्हटलं. गुलामाला, कैद्याला मोकळं करायला मोजायची किंमत, असा मूळ शब्दाचा अर्थ. ती कोणाला मोजली, ह्यावर पहिल्या काही शतकांत खूप वाद झाला. काही म्हणाले सैतानाला. ग्रेगरी नाझियांझसकर ह्या धर्मपंडिताला ते ऐकवेना, त्याने साफ नाकारलं. येशूने स्वतः फक्त एवढंच सांगितलं की तो कशासाठी आला आणि काय देणार. सावकाराचं नाव त्याने घेतलं नाही, आईनेही आज घेतलं नाही.

शनिवार

जुन्या गोव्यात सकाळी दोन तास. बॉम जेझू बॅसिलिकेचा १६०५ साली अभिषेक झाला. तांबूस जांभा दगड, आत संत फ्रान्सिस झेवियरचा देह. रांग लांब, ऊन वाढत चाललेलं, आई थकली. से कॅथेड्रलच्या सावलीत बसून शहाळं प्यायलो आणि निघालो.

कुंकळ्ळीला जायचं अण्णांनी सुचवलं. "कालचं ऐकून मला वाटलं, हेही तुम्ही बघावं." मी आनंदाने हो म्हणाले नाही, पण हो म्हणाले.

जुलै १५८३मध्ये ह्या गावात पाच जेझुइट मारले गेले, आणि त्यांच्याबरोबर काही स्थानिक ख्रिस्तीही. त्यांचा प्रमुख रुडॉल्फ अक्वाविवा, अकबराच्या दरबारात राहून आलेला. इथली देवळं पोर्तुगीजांनी पाडली होती, आणि पाद्री चर्चसाठी जागा बघायला आले होते. चर्चने पाचांना १८९३ साली धन्य घोषित केलं. पण गोष्ट तिथं थांबत नाही. पुढे गावच्या गांवकारांना, म्हणजे गावच्या प्रमुखांना, बोलणी करायला म्हणून आसोळण्याच्या किल्ल्यावर बोलावलं आणि तिथं मारलं. त्यांचं स्मारक आज कुंकळ्ळीत आहे. आम्ही तिथं उभे राहिलो. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, १५६० ते १८१२पर्यंत चाललं, मधली काही वर्षं सोडली तर.

अण्णा हळू आवाजात म्हणाले, "सोडवणदाराच्या नावाने बांधणारे आले, बाय."

मी बचाव केला नाही. करू नये असं मला मनापासून वाटतं. आमच्यातले काही लोक म्हणतात, तो काळ तसा होता. काळ तसा होता म्हणून येशूने तलवार चालू दिली नाही. पेत्राने बागेत तलवार उपसून महायाजकाच्या दासाचा कान छाटला, तेव्हा येशू त्याला म्हणाला, तलवार म्यानात घाल, पित्याने दिलेला प्याला मी पिऊ नये काय. दोन्ही गोष्टी एकाच वचनात आहेत, योहान अठरा, अकरा. ज्याला तो प्याला प्यायचा आहे त्याच्या बाजूने कोणी तलवार काढायची नाही. आपला जीव देता येतो तो आपलाच. दुसऱ्याचा घेतला की त्याच्यावर कुठलंही पवित्र नाव लावा, तो क्रूस राहत नाही. त्याच्या मरणाचं सगळं मोल त्याच्या 'हो'मध्ये आहे. आसोळण्याच्या किल्ल्यावर गांवकारांना कोणी विचारलं नव्हतं. माझ्या प्रभूच्या बाजूने ती माणसं बळी घेतली गेली, पेपरातल्या अर्थाने बळी. हे मी तिथं मोठ्याने म्हटलं. आईने तो शब्द ऐकला. तोंड फिरवलं नाही.

अण्णांनी तिथं एक फूल ठेवलं. आईनेही ठेवलं.

रात्री ईस्टरच्या जागरणाला पुन्हा त्या गावी गेलो. चर्चबाहेर काळोखात शेकोटी पेटवली, तिच्यावरून मोठी मेणबत्ती, तिच्यावरून सगळ्यांच्या. अण्णा अंगणात उभे राहिले होते. एका मुलाने त्यांच्याही हातात मेणबत्ती दिली. ग्लोरियाला घंटा सुटल्या, दोन दिवस अडवलेल्या.

रविवार, परतीची गाडी

सकाळी चर्चसमोर सगळे एकमेकांना भेटत होते. आम्हांला कोणी ओळखत नव्हतं, तरी दहा जणांनी हात धरले. दुपारी मडगावला गाडी. अण्णांनी आईच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काही ठेवलं. क्रिस्तपुराणातली काही पानं, देवनागरीतली, त्यांनी कधी काळी वर्गासाठी हाताने उतरवलेली, दुःखसहनाच्या भागातली. "वापरून मऊ झाली आहेत," ते म्हणाले. "आता माझ्याकडे वाचायला कोणी येत नाही."

आईने त्यांना वाकून नमस्कार केला. ते मागे सरले, "अहो, हे काय," म्हणाले, आणि मग त्यांनीही केला.

सावर्डे गेलं, कुळें गेलं. गाडी घाट चढू लागली. आईने बायबल काढलं. कात्रण योहानाच्या एकोणिसाव्या अध्यायात होतं. तिने ते काढलं नाही, त्याच पानात नीट सरळ केलं. मग चष्मा पुसला, अण्णांची पानं मांडीवर घेतली आणि ओव्या मोठ्याने वाचू लागली, भजनाच्या चालीवर, जुन्या शब्दांना अडखळत, पुन्हा मागे जात. काही शब्द मलाही कळत नव्हते. दूधसागराच्या पुलावर डबाभर लोक खिडक्यांकडे धावले तरी तिने मान वर केली नाही.

समोरच्या बर्थवर बेळगावला उतरणारी एक बाई होती, हिरव्या चुड्याची. ती खिडकीतून परत येऊन बसली आणि ऐकत राहिली.

"मावशी, कुठली पोथी लावलीय?"

"येशूची," आई म्हणाली. "आता पकडून नेतायत त्याला. बस, ऐक."

ती बाई पाय वर घेऊन बसली.